बोलका संगणक बंद पडल्याबाबत

नारायण पेठ, पुणे
९ जानेवारी २०२५

कल्याणी,

विषय : बोलका संगणक बंद पडल्याबाबत.

मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून विषयच लिहिला. पाटबंधारे खात्यात जन्मभर टंकलेखन केलं, हात तसाच वळतो. 'चि. सौ.' लिहिणं आता बरोबर दिसत नाही आणि 'श्रीमती' लिहायला जीव होत नाही. मी सुहासिनी लवाटे, पूर्वी तुझी सासू होते. अक्षर ओळखलं असशीलच.

तुझा जुना नंबर लागत नाही. अर्णवकडे नवा नाही, आणि असता तरी स्वतःच्या मोडलेल्या संसारातला नंबर त्याने आईला दिला नसता. म्हणून विश्रांतवाडीला तुझ्या आईंकडे गेले. शालनताईंनी दार उघडलं, मला ओळखलं आणि म्हणाल्या, "लग्न होतं तोवर एकदाही आला नाहीत. मोडल्यावर आलात. या, बसा." चहा दिला. नंबर दिला नाही. "बंगळूरचा पत्ता देते. पत्र लिहा. तिला वाटलं तर उत्तर देईल, नाही वाटलं तर मी तिला काही म्हणणार नाही." त्या शाळेत शिकवत होत्या हे मी विसरले होते. खुर्चीत बसूनही मला वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटत होतं.

आता मूळ मुद्दा. ह्यांची नजर काचबिंदूने गेली तेव्हा तू जो बोलका संगणक बसवून दिलास, तो शनिवारपासून चालत नाही. बटण दाबलं की काळा पडदा येतो, त्यावर इंग्रजीत एक ओळ, पुढे एक रेघ लुकलुकते. आवाज नाही. कोणी काही केलेलं नाही, आपोआप झालं.

हे जन्मभर डोळ्यांनी प्रुफं तपासत होते, तुझ्यामुळे कानांनी तपासायला लागले. सध्या शनिवार पेठेतल्या दत्तप्रसाद प्रकाशकाचा गवतांचा कोश हातात आहे. गणपतीपासून ह्यांचं तेच चाललंय. यंत्र ओळ वाचतं, हे चूक पकडतात आणि तिथल्या तिथे दुरुस्त करतात. अर्ध्याहून जास्त कोश दुरुस्त झाला आहे आणि तो सगळा त्या डब्यात आहे. दुसरी प्रत कुठेही नाही.

अर्णव म्हणतो, ते लिनक्सचं खूळ पुरे झालं, रविवारी येऊन डबा दुकानात नेतो आणि विंडोज टाकून आणतो. तसं केलं तर ह्यांच्या दुरुस्त्या राहतील का जातील, एवढं कळव. ह्यांना वाटतंय, आपल्याच हातून भलती कळ दाबली गेली. काल दत्तप्रसादला फोनवर म्हणाले, "माझ्या बोटांवर माझाच भरवसा राहिला नाही. दुसरा माणूस बघ." त्यानंतर खुर्ची खिडकीकडे फिरवून बसले आहेत. खिडकीतून त्यांना काही दिसत नाही हे तुला सांगायला नको.

उलट टपाली कळवलंस तर बरं होईल.

सुहासिनी लवाटे


नारायण पेठ
१८ जानेवारी

कल्याणी,

तुझं उत्तर मिळालं. वर नाव नाही, खाली सही नाही, मधे चार ओळी. मंत्रालयातून याहून मायेची पत्रं यायची. पण आलं, हे महत्त्वाचं.

डबा दुकानात देऊ नका, विंडोज टाकलं तर सगळं पुसलं जाईल, असं तू लिहिलंस. ते वाचायच्या आधीच रविवार होऊन गेला होता. पण मला आतून धाकधूक होती, म्हणून शनिवारीच मी डब्याची वीजजोडणीची वायर काढून तुरीच्या डाळीत पुरून ठेवली. अर्णवने सगळं घर पालथं घातलं. "आई, वायरला पाय फुटतात का?" म्हणाला. मी म्हटलं, या घरात कशालाही फुटतात. वायरीवाचून डबा कसा चालवून बघणार, म्हणून तसाच गेला. दुकानात वायरी ढिगाने असतात हे त्याला परतताना बालगंधर्व पुलावर सुचलं, तसा फोनही आला. मी उचलला नाही.

"लिनक्स आपोआप एवढं मोडत नाही, कोणी काय टाइप केलं ते अक्षरशः कळवा," असं तू लिहिलंस. बरं, कळवते. टाइप मी केलं.

महिन्यातून एकदा काळी खिडकी उघडून सगळं अद्ययावत कसं करायचं ते तू मला शिकवलं होतंस. पासवर्डही माझ्याकडेच. संक्रांतीच्या आधी मी घरातली आवरासावर काढली होती. माळा झाला, फडताळं झाली, मग संगणकाकडे वळले. जागा कमी पडत असेल असं वाटलं. खात्यात जुन्या फायली निकालात काढताना आम्ही अ, ब, क, ड असे वर्ग पाडत असू. अ कायमचा जपायचा, ड वर्षभराने रद्दीत. त्याच पद्धतीने मी पॅकेजांची, म्हणजे आत बसवलेल्या प्रोग्रामांची, यादी पडद्यावर घेतली आणि ज्यांचा आपल्या घराशी संबंध दिसेना त्यांना ड वर्गात घातलं. ऑर्का, मग पायथन, मग पर्ल-बेस. देवमासा, अजगर आणि मोती, तोही चुकीच्या स्पेलिंगचा. पाटबंधाऱ्याच्या शिस्तीत हे एकही बसत नाही.

पहिली दोन निमूट गेली. जाताना बरीच नावं सोबत घेऊन गेली, पण मी समजले की रद्दीबरोबर सुतळीही जायचीच. तिसऱ्याला मात्र पडद्याने मोठी थोरली सूचना दिली. हे काढणं धोक्याचं आहे, काय करताय ते ठाऊक नसेल तर करू नका, आणि तरीही करायचंच असेल तर खालचं वाक्य जसंच्या तसं टाइप करा : 'होय, मी सांगतो तसे करा!'

कल्याणी, लग्न होऊन माझी चाळीस वर्षं गेली. सासऱ्यांच्या घरात, मग ह्यांच्या, मग अर्णवच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं. मला ते म्हणायला कोणी सांगितलं नव्हतं. मी मोठ्या उत्साहाने 'सांगते' असं टाइप केलं. घेतलं नाही. मग पुरुष होऊन 'सांगतो' लिहिलं, लगेच घेतलं. त्यानंतर नावांची जी रांग सुटली ती थांबेचना. कसं थांबवायचं ते तू शिकवलं नव्हतंस. शेवटी मी बटण दाबून बंद केला, आणि नंतर तो काळा पडदा.

ह्यांना यातलं काही माहीत नाही. ते तेव्हा अंघोळीला गेले होते. तू त्यांना काही कळवू नकोस.

आता दुरुस्त्या गेल्या का आहेत?

सुहासिनी लवाटे


नारायण पेठ
२७ जानेवारी

कल्याणी,

या खेपेचं पत्र पानभर होतं. घर पडलंय पण कपाट शाबूत असावं, असं लिहिलंस. त्या एका वाक्यावर मी दोन वेळचं जेवले. पेन ड्राइव्ह तयार करून तुझ्या आईंकडे पाठवतेस, तिथून मी घेऊन यायचा. थेट इथे का नाही पाठवत, ते मी विचारत नाही.

पण मधेच तू ते दोन प्रश्न टाकलेस. जागा कमी पडायचं कारणच नाही, डिस्क तू स्वतः निवडली होतीस, ती पावही भरली नसेल. आणि यादी अकारविल्हे असताना मी थेट ऑर्कापाशी कशी पोचले. पोलिसात जायला हवी होतीस.

मी ऑर्कापाशी गेले, कारण तू बसवून देताना म्हणाली होतीस, "बाबांना वाचून दाखवतो त्याचं नाव ऑर्का." मला तो घालवायचा होता. अजगर आणि मोती नंतरचे. एकट्या ऑर्काला काढलं असतं तर डोळ्यांवर आलं असतं, म्हणून सोबत चार फायली काढल्या. खात्यातही असंच करतात.

आता का, ते ऐक. तू गेलीस त्यानंतर या घरात बोलणारा एकच उरला, तो नाकातून बोलणारा गृहस्थ. सकाळी चहाला तो, वर्तमानपत्राला तो, दुपारी कोशाला तो, संध्याकाळी कुणी काही पाठवलं असेल तर तेही वाचायला तोच. हे त्याच्याशी हसायचे. "वा, बरोबर पकडलीस!" असं त्याला म्हणायचे. मला शेवटचं कधी म्हणाले ते आठवत नाही. मी भाजी निवडत तिथेच बसायचे. काही बोलायला जावं तर हात वर करायचे, म्हणजे थांब, ओळ पुरी होऊ दे. ओळ पुरी झाली की दुसरी सुरू व्हायची.

डिसेंबरात एक दिवस वीज गेली होती. मी म्हटलं, आज मी वाचते. अग्रलेख वाचायला घेतला. अर्धा झाला नाही तोवर वीज आली. हे म्हणाले, "राहू दे सुहास, आता तो वाचेल. तू चुका दुरुस्त करून वाचतेस. तो आहे तसं वाचतो."

एवढंच. भांडण नाही, काही नाही. मी कागद घडी करून ठेवला. पण ते मनातून गेलं नाही, आणि मग संक्रांत आली.

आता तो गेला आहे आणि मी वाचते आहे. दत्तप्रसादने कोशाची उरलेली पानं छापून पाठवली. हे नको म्हणत होते, मी आग्रहाने बसवलं. काल 'शेडा' नावाचं गवत आलं. मला वाटलं अनुस्वार राहिला, म्हणून मी 'शेंडा' वाचलं. पुढेही दोन-तीनदा आलं, दर वेळी शेंडा. तासाभराने ह्यांना काहीतरी खटकलं. "डोंगरउतारावर शेंडा वाढतो म्हणजे काय? कशाचा शेंडा?" मग अक्षरं विचारली. शेडा नावाचं गवतच असतं म्हणे. पान बरोबर होतं, चूक मी घातली. आणि मागच्या पानावर खरी चूक होती, 'हरळी'च्या जागी 'हळी', ती मी नकळत हरळी वाचून मोकळी झाले. हे पुन्हा सगळं पान वाचायला लावायला लागले, मग मधेच थांबले. "नको. माझा कान उतरला, बोटं उतरली. उगाच त्या माणसाचा कोश खराब व्हायला नको."

कान उतरलेला नाही. बोटंही उतरलेली नाहीत. हे मला माहीत आहे आणि तुला माहीत आहे. त्यांना माहीत नाही.

पेन ड्राइव्ह लवकर पाठव.

सुहासिनी


नारायण पेठ
७ फेब्रुवारी

कल्याणी,

पेन ड्राइव्ह आणायला विश्रांतवाडीला गेले. शालनताईंनी पाकीट हातात दिलं. सूचनांचे छापील कागद होते, सगळ्यात शेवटी पेनाने लिहिलेली एक ओळ : 'बाबांना सांगितलंत का?'

रिक्षात ती ओळ मी बऱ्याचदा वाचली. घरी आल्यावर पेन ड्राइव्ह देवापुढे ठेवला आणि ह्यांच्यासमोर जाऊन बसले. सांगितलं. जागेचं खोटं, अजगराचं खोटं, ते अंघोळीला गेले होते ते, सगळं. मला वाटलं होतं हसतील. पाटबंधाऱ्याची बाई देवमासा काढायला गेली आणि तळं रिकामं करून आली, असं काहीतरी म्हणतील. त्यांच्या बोलण्यात ते येतं.

हसले नाहीत. विचारलं, "दत्तप्रसादला मी फोन केला तेव्हा तू कुठे होतीस?" मी म्हटलं, इथेच. "मी त्याला काय म्हणालो ते ऐकलंस?" म्हटलं, ऐकलं. "आणि गप्प बसलीस." मी हो म्हटलं. मग म्हणाले, "यंत्र मोडलंस त्याचं काही नाही. यंत्र मोडतं. मी सकाळ-संध्याकाळ स्वतःची बोटं चाचपून बघत होतो, सुहास. रोज. तू भाजी निवडत बघत होतीस."

नंतर बोलणं बंद. रागावून आदळआपट करणारा माणूस नाही तो, तू ओळखतेस. ताट वाढलं की जेवतात, पाणी दिलं की पितात. 'मीठ कमी आहे' एवढंसुद्धा नाही. घरात तो गृहस्थ नाही, हे नाहीत, आणि मी कुकरच्या शिट्ट्या ऐकते. मला शांतता हवी होती असं नाही. मला वाटायचं, तो गप्प झाला की हे माझ्याशी बोलतील. तसं झालं नाही हे नमूद करते.

अर्णवला सांगितलं की डबा तुझ्याकडून दुरुस्त करून घेतेय. "तिला मधे कशाला आणतेस?" म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या बापाचं काम तिला येतं, तुला येत नाही. फोन ठेवला. जरा जास्तच ताठ्याने ठेवला असेन.

तुझ्या सूचना मी वाचल्या. भाषा सोपी आहे, पण काळ्या पडद्यासमोर बसायला हात धजत नाही. आता कळ दाबताना मलाच वाटतं, काहीतरी जाईल.

सुहासिनी


नारायण पेठ
१६ फेब्रुवारी

कल्याणी,

झालं. आधी तेच लिहिते, म्हणजे तू शेवटपर्यंत जीव टांगून वाचणार नाहीस. दुरुस्त्या मिळाल्या. एकूण एक.

मी शालनताईंना फोन करून म्हटलं होतं, एकटीने धीर होत नाही. "उद्या येते," म्हणाल्या. आल्या, चपला काढल्या आणि थेट स्वयंपाकघरात येऊन फडताळातून स्वतःच कप घेतला. कुठला घेऊ असं विचारलं नाही. तुमचं लग्न ठरवायला त्या आणि तुझे वडील सीतारामभाऊ आले होते, त्या दिवशी मी कुठल्या वेगळ्या कपांत चहा दिला होता ते त्यांना आठवत असणार. मला आठवतं. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

मग आम्ही दोघी डब्यासमोर बसलो. त्या कागदावरून वाचायच्या, मी टाइप करायचं. हे खिडकीकडे तोंड करून. शालनताई एकेक अक्षर सुटं करून वाचतात, रेघ म्हणजे रेघ, टिंब म्हणजे टिंब, मधे जागा असेल तर "जागा" म्हणतात. तू एका ठिकाणी एक शब्द चुकून दोनदा छापला होतास, त्यांनी तो दोनदा वाचला. मी म्हटलं, अहो हे चुकून पडलंय. "असेल. पण लिहिलंय दोनदा." तेव्हा खिडकीकडून आवाज आला, "या बाईंना वाचता येतं." इतक्या दिवसांतलं पहिलं वाक्य. शालनताई म्हणाल्या, "भाऊ, पहिलीच्या पोरांना तीस वर्षं शिकवलंय. तुमच्याकडच्या विद्यार्थिनीला हळूहळू येईल." त्यावर हे हसले. माझ्यावरच हसले, पण हसले.

पेन ड्राइव्हवरून डबा सुरू झाला, तू सांगितलेलं कपाट उघडलं, त्यात 'गवत' नावाची फाईल होती. मी ती दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवली, मग आणखी एकावर. आता प्रती तीन आहेत. त्यातली एक शालनताई घेऊन गेल्या, घर जळलं तरी हरकत नाही. मग नव्याने सगळं बसवलं. त्याला फार वेळ लागला. दुपारी पिठलं-भात केला, तिघं जेवलो.

आवाज आला तेव्हा मी भांडी ठेवत होते. पेन ड्राइव्हवर तू 'बाबांसाठी' नावाची एक फाईल ठेवली होतीस. तो नाकातून वाचायला लागला : बाबा, आवाजाचा वेग थोडा कमी ठेवला आहे, हवा तर वाढवा. दर शुक्रवारी प्रत आपोआप दुसरीकडे जाईल. तुमच्या बोटांना काही झालेलं नाही. कल्याणी.

हे ते ऐकून उठले, चाचपत डब्याशी आले आणि कीबोर्डवर हात ठेवून नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "वेग वाढवून दे. हा फारच रेंगाळतो." माझ्याशी म्हणाले. वेग मीच वाढवून दिला.

त्या फाईलमध्ये माझं नाव नव्हतं. अपेक्षाही नव्हती. पण एक सांगते, मला त्या आवाजाचा राग यायला हवा होता, आणि मी ओट्याशी उभी राहून रडत होते. शालनताईंनी बघितलं आणि भांडी पुसायला घेतली.

सुहासिनी


नारायण पेठ
२४ मार्च

कल्याणी,

संगणक उत्तम चालू आहे. तक्रार नाही. हे पत्र दुसऱ्या कामाचं आहे.

कोश पूर्ण झाला. दत्तप्रसादला ह्यांनी स्वतः फोन करून सांगितलं की दुसरा माणूस बघू नकोस. सकाळी तो गृहस्थ वाचायचा, संध्याकाळी तीच पानं मी वाचायची. मी पुष्कळ शिकले. आता समोर 'हळी' असेल तर हळी वाचते, जीव कितीही कासावीस होवो. हे मधे विचारतात, "आहे तसंच ना?" मी म्हणते, आहे तसंच. एकदा तो आणि मी दोघंही चुकलो आणि ह्यांनी ओठातल्या ओठात पकडलं. त्या दिवशी हे दिवसभर शीळ घालत होते. अजूनही मधूनच जुनं आठवलं की अबोला धरतात, पण तो जेवणापर्यंत टिकतो. मी धरू देते.

परवा दत्तप्रसाद घरी आला होता. म्हणाला, "काका, तुमचं नाव आजवर एकाही पुस्तकात गेलं नाही. या कोशात मागच्या पानावर मुद्रितशोधक म्हणून घालतो." हे म्हणाले, एकट्याचं घालायचं असेल तर नको. मग सांगायला लागले, तो लिहून घेत होता. मुद्रितशोधन, श्रीनिवास लवाटे. वाचन, सुहासिनी लवाटे. मग म्हणाले, संगणक साहाय्य, कल्याणी लवाटे.

दत्तप्रसादने लिहिलं. मी म्हटलं, थांबा, ती आता लवाटे नाही. हे म्हणाले, "माझ्यासाठी आहे." मी म्हटलं, तुमच्यासाठी काय आहे ते छापायचं नाही, आहे तसं छापायचं आहे. तुम्हीच मला महिनाभर तेच शिकवताय. त्यावर म्हणाले, "मग माहेरचं ओव्हाळ घाल." मी म्हटलं, तेही आपण कोण ठरवणार? कदाचित तिने नुसतं पहिलंच ठेवलं असेल. कदाचित दुसरं लग्न केलं असेल, आपल्याला कोण कळवणार होतं?

तेव्हा लक्षात आलं, एवढी पत्रं झाली, पाकिटावर मी दर वेळी नुसतं 'कल्याणी' लिहून खाली पत्ता टाकत आले. पोस्टाला तेवढं पुरलं. पुस्तकाला पुरत नाही. अर्णव म्हणाला, नावच गाळा, भानगड नको. त्याला मी काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. दत्तप्रसाद म्हणाला, ताईंना फोन करा ना. शालनताईंना विचारलं असतं तर त्यांनी क्षणात सांगितलं असतं. मी विचारलं नाही. नाव तुझं आहे, ते तू सांगायचं.

नको असेल तर तसं लिही, तेही मान्य आहे. पण हवं असेल तर हल्ली तू पूर्ण नाव कसं लिहितेस ते कळव. आम्हाला माहीत नाही.

बाकी सगळा कोश छापायला गेला आहे. ते एक पान थांबवलंय.

सुहासिनी